नंदानं न बघितलेला सीझन

"नंदा, निघ आता. लावतोय मी," रिमोट हातात घेत शिरीष म्हणाला.

नंदानं सायकलची किल्ली उचलली, कापडी पिशवी खांद्याला अडकवली आणि निमूटपणे दार ओढून घेतलं. ती गल्लीच्या टोकाला वळलेली खिडकीतून दिसली, तेव्हाच शिरीषनं मॅच सुरू केली.

खरं तर मॅच कॅनडात आदल्या रात्रीच संपली होती. तिकडे खेळ रंगायचा तेव्हा इकडे हार्लेम या डच शहरात मध्यरात्र उलटलेली असायची आणि शिरीषला जागरण सोसायचं नाही. म्हणून तो सकाळी रेकॉर्डिंग बघायचा. तोवर फोन बंद, बातम्या बंद. निकाल आपल्याला कळेपर्यंत मॅच ताजीच, असं त्याचं म्हणणं. स्लोटरडाइकच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणारा हा माणूस घरी आला की तर्क चपलांबरोबर दाराशी काढून ठेवायचा.

त्यांचा एकुलता एक मुलगा सौमित्र सास्काटूनच्या बायसन्स संघात किक मारायला होता. पोरगा हार्लेममध्ये साधा फुटबॉल खेळत वाढला, आणि इंजिनिअरिंग सोडून तिकडे गेला तेव्हा शिरीष महिनाभर धुसफुसत होता. आता मात्र तो दिसेल त्याला धरून कॅनडाचा फुटबॉल शिकवायचा. बॉल हातात धरून पळायचं, समोरच्यांनी आडवं पाडायचं, आणि गाडी अडली की आमच्या सौमित्रनं पायानं उडवायचा! करार एकाच सीझनचा होता. पुढे ठेवायचं की नारळ द्यायचा, ते कोच सीझन संपल्यावर सांगणार होता. आईबापाचा जीव तेवढ्यातच अडकला होता.

पहिल्या दोन मॅच दोघांनी सोफ्यावर शेजारी बसून बघितल्या. संघ दोन्ही हरला. तिसरीच्या वेळी नंदा भाजी आणायला गेली होती आणि संघ जिंकला. झालं! क्रिकेट बघत मोठ्या झालेल्या माणसाला एवढा पुरावा पुरतो. याच शिरीषनं लहानपणी शेवटच्या ओव्हरला सख्ख्या काकाला बाथरूममधून बाहेर येऊ दिलं नव्हतं.

"म्हणजे मी पनवती?" नंदानं विचारलं होतं.

"तसं नाही गं. पण उगाच विषाची परीक्षा कशाला?"

आता ही भांडणार, असं त्याला वाटलं. पण ती हसली. "पोराचं भलं होत असेल तर राहते बाहेर," म्हणाली. शिरीषला तिचं फार कौतुक वाटलं. तसाही तिला या खेळात रस कुठे होता?

उन्हाळा सरला, कालव्याकाठची झाडं पिवळी पडली, बायसन्स जिंकत राहिले. नंदा परत आली की शिरीष तिला उभ्या उभ्या सगळी मॅच सांगायचा. ती पिशवी ओट्यावर ठेवून ऐकायची आणि नेमक्या जागी "अगंबाई!" म्हणायची. असा श्रोता नशिबानंच मिळतो. दुपारी मात्र तिला सोफ्यावरच गाढ झोप लागायची. सायकल मारून दमते बिचारी, असं म्हणत तो तिच्या अंगावर पांघरूण घालायचा.

आणखी एक गोष्ट त्यानं हेरली होती. ज्या सकाळी नंदा आपणहून शिरा करी, त्या सकाळी संघ हमखास जिंके. पोहे झाले ते दोनदाच. एकदा ती तापातून उठली होती, एकदा हॉलमध्ये पाहुणे झोपले होते. दोन्ही वेळा बायसन्सनी मार खाल्ला. शिरीषच्या लेखी आता कोचपेक्षा शिरा मोठा होता.

संघ फायनलला पोचला. आदल्या संध्याकाळी जेवताना शिरीषनं विषय काढला.

"उद्या लवकर निघ. आणि हे बघ, चुकूनसुद्धा मॅच बघायची नाही. फोनवरसुद्धा नाही. घे माझी शपथ."

नंदाचा हात पोळीवर थांबला. "शपथ कशाला?"

"पोराच्या भविष्याचा प्रश्न आहे, नंदा."

तिनं पोळी ताटात ठेवली. मग त्याच्या गळ्याला हात लावून म्हणाली, "नाही बघणार. तुमची शपथ."

सकाळी शिरीषनं शिरा मागून घेतला. नंदा बाहेर पडली. मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरीत होती. सौमित्रची एकही किक चुकली नव्हती. मग समोरच्यांनी लाथाडलेला बॉल बायसन्सना आपल्या टोकाच्या पट्ट्यातून बाहेर काढता आला नाही. त्याचाही तिकडे मारणाऱ्यांना एक गुण मिळतो. त्या एका गुणानं कप गेला.

नंदानं दार उघडलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच ती कोटासकट खाली बसली. तेवढ्यात सौमित्रचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, तुमची मॅच संपेपर्यंत मुद्दाम जागा राहिलो. आई, don't cry! कोच मला ठेवतोय. Two years!"

शिरीषला हुंदकाच फुटला. कप गेला तर गेला, पोरगा टिकला! फोन ठेवल्यावर त्यानं उरलेला शिरा दोन वाट्यांत वाढला आणि एक नंदाच्या हातात दिली. तिचे डोळे अजून वाहत होते.

"आता कशाला रडतेस? तुझ्याकडे तर कुणी बोटही दाखवू शकत नाही. अख्ख्या सीझनभर तू बाहेर राहिलीस. पुढच्या वर्षी माझ्या शेजारी बसायचं. हरले तर हरले."

"तसं नाही हो," नंदा नाक पुसत म्हणाली. "जिंकलेली प्रत्येक मॅच मी रात्री गुपचूप उठून लाइव्ह बघितली होती. काल तुमची शपथ होती, म्हणून झोपले."