नुसती खरखर

"वहिनी, हाच वायरलेस न्या. पाण्यात पडला तरी तरंगतो, आणि आसपास ऐकणारं कुणी नसलं तर स्वतःच उत्तर देतो. माणसाला धीर येतो," दुकानदार पराडकर म्हणाले.

कुंदाताईंनी तो काउंटरवर परत ठेवला. नवऱ्याची शिडाची होडी आता लेक समुद्रात नेणार होती. नवऱ्याकडेही असाच वायरलेस होता. होडी उलटली तेव्हा 'घाबरू नका, मदत निघालीय,' असं तो त्यांना शेवटपर्यंत मायेनं सांगत राहिला. वायरलेस मागाहून सापडला, तेव्हा त्यात सगळं बोलणं रेकॉर्ड झालेलं होतं.

"कुणी ऐकत नसेल तेव्हा नुसता खरखरणारा जुना एखादा आहे का, भाऊ?" त्यांनी विचारलं. "किनारा समोर दिसत होता. यांना ती खरखर ऐकू आली असती, तर पोहत आले असते हो."