गावदेवी घरी येते

इंग्रज साहेबाने उचलून नेलेली गावदेवी त्याच्या पणतीने लंडनहून स्वतःहून परत पाठवली. टेम्पोत देवीची मूर्ती मांडीशी धरून बसलेल्या दत्तोबांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. देवळाभोवतीची जमीन त्यांनीच बिल्डरला विकली होती. देऊळ आता सोसायटीच्या आत, क्लबहाउसच्या मागे होतं.

गेटवर वॉचमनने टेम्पो अडवला. "कुणाकडं जायचंय? फ्लॅट नंबर सांगा."

"फ्लॅट कसला? देवळात जायचंय. आमची देवी हाय ही. दीडशे वर्षांनी लंडनहून घरी आलीया."

"विचारल्याशिवाय सोडता येत नाही, बाबा." त्याने सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंना फोन लावला. "मॅडम, लंडनहून देवी आलीय. आत सोडू का?"



"आम्ही काही मागवलेलं नाही. परत पाठवा."