गिअरबॉक्स शेडमध्ये होता

दंतवैद्य बाईंचा त्यांच्या जुन्या, दोन सीटच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवर फार जीव. पण गंजाने गाडीचा तळ पार पोखरला होता. नवा पत्रा जोडायचा म्हणून फिटर असलेल्या दिराने इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर ठेवले.

“वहिनी, तुम्ही स्टिअरिंग धरा, मी मागून ढकलतो. उन्हात गंज नीट दिसेल.”

बाई बसल्या. गाडी हळूहळू शेडबाहेर आली. अंगण सपाट, फरशीचं होतं. पायाशी पत्र्याला पडलेल्या भोकातून खालच्या फरश्या मागे सरकताना दिसत होत्या. बाईंना गंमत वाटली.

“बास भावजी, भिंत आली.”

फरश्या सरकतच राहिल्या.

“भावजी, पुरे म्हणते ना.”

“मी दारातच सोडली गाडी.” दिराचा आवाज बराच मागून आला. “ब्रेक दाबा की.”

त्यांनी वळून पाहिलं. दीर शेडच्या दारात हात पुसत उभा होता. त्याच्यामागे ठोकळ्यांवर इंजिन गप्प पडून होतं.

बाईंनी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी थांबली. त्यांना जरा हायसं वाटलं, पण ब्रेकवरून पाय काढायचा धीर होईना.

“थांबा, आलो,” म्हणत दीर गाडीच्या मागे येऊ लागला, आणि चार पावलांवर थबकला. आवाज त्यानेही ऐकला होता.

बाईंच्या गुडघ्याशेजारी, जिथे आता नुसती पोकळी होती, तिथे कुणीतरी सावकाश रिव्हर्स गिअर टाकला होता.