ट्युनिसमध्ये जेवायचं कुठे?

"आजोबा, मी पोचले ट्युनिसला! जाम भूक लागलीये. तुमचा तो पीकॉकवाला रेस्टॉरंट कुठे आहे?"

शशिधरांचा चहा बशीत सांडला. फोनच्या स्क्रीनवर नात अन्वी, तिच्यामागे बाजाराची गजबज. आणि कॉव्हेंट्रीच्या सोफ्यावर त्यांना खेटून अलकाताई, लसूण सोलत. उठून सटकावं, तर गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

ट्युनिसमधल्या त्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटची गोष्ट मंडळाच्या गणपतीत दरवर्षी गाजायची. मालक सलाह, त्याच्या खांद्यावर मोर. मोरानं गिऱ्हाईक पसंत केलं तरच ताट यायचं. पहिल्या वर्षी मोर नुसता बसायचा. अलीकडे तो बिलसुद्धा आणून द्यायचा.

गोम एवढीच, की शशिधरांनी ट्युनिस नकाशातसुद्धा धड पाहिलं नव्हतं.

तरुणपणी सर्जरीच्या परीक्षेचे पेपर बरे गेले, म्हणून त्यांनी निकालाआधीच "पास झालो" असा फोन ठोकला. सासऱ्यांनी अख्ख्या साताऱ्यात पेढे वाटले. मग निकाल लागला. आता लोकांच्या पोटात गेलेले पेढे परत कसे मागणार? पुढच्या खेपेला नव्या नवरीला "ट्युनिसला कॉन्फरन्स आहे" म्हणून सांगितलं आणि ते गुपचूप एडिनबराला जाऊन परीक्षेला बसले. स्वतःचा वाढदिवसही तिथेच, टोस्टवर बीन्स घालून साजरा केला. अलकाताई तेव्हा नॉटिंगहॅमला, मैत्रीण इरावतीकडे जाते म्हणाल्या होत्या.

पास झाले. पण थाप राहिली ती राहिलीच.

"अहो, सांगा ना पोरीला. उपाशी आहे ती," अलकाताई म्हणाल्या.

"मोठ्या मशिदीपासून डावीकडे वळ. निळं दार दिसेल."

"आजोबा, इथे सगळे दारं निळे आहेत!"

"मग... जिना असलेलं."

अन्वी चालत राहिली. स्क्रीनवर दिवे, चपला, मसाल्यांच्या राशी हलत होत्या. तिनं एका म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं, हातांचा पिसारा करून मोरही दाखवला. म्हातारा पोट धरून हसला. शेजारच्यालाही बोलावून त्यानं हसवलं.

"तो म्हणतो, सत्तर वर्षं इथे बसलोय. असा पीकॉक नव्हताच कधी."

शशिधरांनी गुडघ्यावरची बर्फाची पिशवी उगाच सारखी केली. मंडळ हसेल तर हसो. पण अलकानं त्यांचा प्रत्येक शब्द डोळे मिटून खरा मानला होता. आज या वयात तिला कळलं, तर उद्यापासून कुठल्या तोंडानं तिच्याकडे चहा मागायचा? त्यांना फोन बंद करावासा वाटला. बोट मात्र उचलेना.

"बंद पडलं असेल गं. मोर म्हातारा झाला होता."

"तेवढा एकच वाढदिवस आपण बरोबर नव्हतो, नाही?" अलकाताई लसणाची पाकळी न्याहाळत म्हणाल्या.

शशिधरांनी मान खाली घातली. नजर ठेवायला जागा म्हणून ते तिच्या जुन्या बदामी कार्डिगनकडे बघत राहिले. खांद्यावरचा तो निळसर डाग. किती वेळा म्हणाले होते, फेकून दे ते. ती ऐकेल तर शपथ.

"मी इथेच खाते, आजोबा. छोटंसं आहे, पण बाहेर लाइन लागलीये."

सुटलो! शशिधरांनी श्वास सोडला. थोड्या वेळानं अन्वीनं फोन वाडग्यावर धरला. शिळ्या पावाचे तुकडे, त्यावर हरभऱ्याचा वाफाळता रस्सा, वर अर्धकच्चं अंडं.

"आजी! हा तर तुझा रविवारचा कुस्करा!"

शशिधर खो खो हसले. "बघ! तुझ्या आजीची काटकसर थेट आफ्रिकेत पोचली." हरभरे नि पाव घातलेला तो कुस्करा त्यांनी लग्नानंतर शेकडो रविवार नाकं मुरडत खाल्ला होता. शिळं वाया जाऊ नये म्हणून साताऱ्याकडे करत असतील, असं ते धरून चालले होते. सासूबाईंना विचारायचं काही कधी सुचलं नाही.

अलकाताईंनी लसणाचं ताट बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि फोन जवळ ओढला.

"वरून जिरं मागून घे, अन्वी. आणि मागच्या भिंतीला टेकू नकोस गं. यांना शोधून शोधून दमले नि तिथेच टेकले होते मी; तो निळा रंग लोकरीवरून जात नाही."