मालकांची दाढी

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मालक स्वतःच खुर्चीत जाऊन बसले. "चल, आज माझी दाढी कर." कारागिराने पातं बदललं, फेस लावला. नोकरी सोडतोय, हे कित्येक दिवस त्याच्या ओठांवर येऊन परत जात होतं. मालक चिडले की आवाज रस्त्यापलीकडे जायचा. वस्तरा त्यांच्या गळ्यापाशी आला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या घडीला माणूस ओरडू शकत नाही.

"मालक, पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. स्वतःचं दुकान टाकतोय."

आरशातले डोळे त्याच्यावर रोखले गेले, पण मान हलली नाही. त्याने उरलेली दाढी केली, तोंड पुसून दिलं आणि जरा मागे सरून उभा राहिला.

"कुठे टाकतोयस?"

"बाजाराच्या मागे. तुमची गिऱ्हाइकं नाही तोडणार."

"मग तुझं चालेल कसं?" मालकांनी गालावरून उलटा हात फिरवून पाहिला. "हात बसलाय तुझा. सांगायला एवढे दिवस का लावलेस?"

"तुम्ही ओरडाल म्हणून."

"तेच वाटलं मला. म्हणून तर आज घरी दाढी न करता आलो."