न सांडणारा चमचा

थरथरत्या हातातूनही सांडणार नाही, असा चमचा सरांनी शोधला होता. त्याचं पेटंट एका कंपनीनं विकत घेतलं, पण चमचा एकही बनवला नाही. दुसऱ्या कोणी बनवला की त्याला नोटीस धाडायची आणि पैसे उकळायचे, एवढाच तिचा धंदा. असल्या कंपन्यांना वेसण घालणारा कायदा करावा का, हे ठरवायला समिती बसली होती. सर कंपनीच्या बाजूचे साक्षीदार होते. नोटिशीमुळे जिचं वर्कशॉप बंद पडलं ती बाई समोर आली, तेव्हा सरांनी मान खाली घातली.

“चमचा तुम्हाला सुचला कसा?” अध्यक्षांनी विचारलं.

तिनं एकदा सरांकडे पाहिलं. “सुचला असाच.”

“याला चोरी म्हणतात, बाई,” कंपनीचा वकील हसला.

“म्हणा.”

सर टेबलाला धरून उठले.

“सर, राहू द्या ना. पेटंट रद्द होईल, तुम्ही अडचणीत याल,” ती हळूच म्हणाली.

“चोरी नाही. पेटंट घेण्याच्या दोन वर्षं आधी हा चमचा मीच वर्गात फळ्यावर काढून दाखवला होता. मोठे झालात की बनवा, असं सगळ्यांना सांगितलं होतं. ऐकलं ते हिनं एकटीनं.”