मास्तरांची मिशी

“अरे, वळण्याआधी त्या बाजूला बघायचं असतं ना!” असं म्हणून चिमणीने जीभ चावली. वडिलांच्या वयाच्या माणसाला तिने आयुष्यात पहिल्यांदा ‘अरे’ म्हटलं होतं.

पण परीक्षाच तशी होती. विमान चालवता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, त्याचा परवानाही वेगळा. त्या परीक्षेत परीक्षक डावीकडे बसून नवशिका विद्यार्थी होतो आणि मुद्दाम चुका करतो. उमेदवाराने उजवीकडे बसून त्याला शिकवायचं. परीक्षकांना सगळं विमानतळ मास्तर म्हणे, आणि हे सोंग वठवण्यात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“चुकलं हो मॅडम,” मास्तर रडवेल्या आवाजात म्हणाले. “मला ना, उंचावर भीती वाटते.”

“मग विमान कशाला शिकतोस? बस चालवायचीस.”

मास्तरांच्या मिशीचं टोक हललं.

चिमणीने दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून ठेवले होते. मागच्या वर्षी मास्तरांनी तिला या हातांपायीच नापास केलं होतं. विद्यार्थी जरा चुकला की ती लगेच कंट्रोल ओढून घ्यायची. “सगळं तूच केलंस, तर तो काय कपाळ शिकणार?” असं तेव्हा ते म्हणाले होते.

आज हात जागचे हलले नव्हते. मास्तर वेग घालवत, ती तोंडाने सांगे, ते सावरून घेत. दर चुकीला मिशीचं टोक हले. चिमणीला चक्क मजा यायला लागली होती.

मग उतरायची वेळ आली. धावपट्टी जवळ आली आणि मास्तरांनी विमानाचं नाक उचललं. फार लवकर उचललं. जमीन अजून बरीच खाली होती आणि वेग पडत चालला होता.

“नाक खाली घे,” चिमणी म्हणाली. नाक वरच राहिलं. तिने वळून पाहिलं. मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या आणि मिशी अगदी स्थिर होती.

धोक्याचा भोंगा वाजला.

“सोड!” चिमणी ओरडली. “कंट्रोल माझ्याकडे!”

मास्तरांचे हात चटकन सुटले. तिने इंजिनाला पूर्ण जोर दिला, नाक सावरलं आणि विमान पुन्हा वर नेलं. एक चक्कर मारून तिने ते स्वतःच उतरवलं. ज्याच्यासाठी वर्ष वाया गेलं, नेमकं तेच आज तिने पुन्हा केलं होतं. आता पुन्हा परीक्षा द्यायचं बळ तिच्यात नव्हतं.

इंजिन बंद झालं.

“कंट्रोल का घेतलंस?” मास्तरांनी विचारलं.

“चूक खरी होती, सर.”

“कशावरून?”

“खोटी चूक करताना तुमची मिशी हलते. या वेळी हलली नाही.”

मास्तरांनी मिशीला हात लावून पाहिला. मग ते असे हसत सुटले की अख्खं विमान डुलायला लागलं.

“तुझ्यानंतर शिक्षक व्हायला कुणी आलंच नाही गं,” ते डोळे पुसत म्हणाले. “वर्षभर मी आपला त्या उजव्या सीटवर बसून शिकवतोय. डावीकडून जमीन कशी दिसते, तेच विसरलो! पास झालीस, चिमणे. कधी हात लावायचा नाही आणि कधी लावायचा, दोन्ही कळलं तुला.”

चिमणीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. दोघं खाली उतरली. मास्तर टोपी हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

“पण विमान उतरवायला शिकायचं माझं राहिलंच की,” ते म्हणाले.

“उद्या सकाळी ये. नीट जमेपर्यंत सोडणार नाही,” चिमणी म्हणाली आणि जीभ चावायची विसरली.

“येतो, बाई,” मास्तर म्हणाले. त्यांची मिशी जराही हलली नाही.